रोहूसाठी नवरा बघताना

मी मत्स्यबीज केंद्रात नोकरीला लागले तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. आमचं केंद्र म्हणजे तलावाच्या भिंतीखाली खोदलेली पाच-सहा तळी, दोन खोल्या आणि पत्र्याच्या दारावर रंगवलेली पाटी: विनापरवाना आत येऊ नये. विनापरवाना फक्त म्हशी येत. त्यांना वाचता येत नसे, आणि ज्यांना वाचता येई त्यांना आमच्याकडे काही काम नसे.

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते खातात, पितात, चांगले लठ्ठ होतात, पण अंडी घालत नाहीत. मादीचं पोट अंड्यांनी टच्च भरतं, ती पुराच्या पाण्याची वाट बघते, पूर काही तळ्यात येत नाही, आणि पोटातली अंडी पोटातच जिरून जातात. त्यामुळे माशांची पिल्लं पूर्वी कलकत्त्याहून यायची. पाण्याच्या डब्यात भरून मोठ्या गाडीने अकोल्यापर्यंत, मग फलाटावर ऊन खात पडून राहायची, मग छोट्या गाडीने रखडत वाशीम. डबा उघडला की वासावरूनच कळायचं. तरी ती मेलेली पिल्लं तलावात सोडण्याचा कार्यक्रम नारळ फोडून व्हायचा, आणि सोडणारा पुढारी पाण्याकडे बघून म्हणायचा, ‘कसे शांत पोहत आहेत!’

मग सुईची युक्ती आली. बाजारातल्या मेलेल्या माशाची कवटी फोडायची, मेंदूखालची ज्वारीच्या कणीएवढी पीयूष ग्रंथी काढायची, ती घोटून पाण्यात मिसळायची आणि तळ्यातल्या जिवंत माशाला शेपटीजवळ टोचायची. माशाला वाटतं, पूर आला. तो कापडी हाप्यात, म्हणजे तळ्यात बांबूंना बांधलेल्या उलट्या मच्छरदाणीसारख्या कप्प्यात, सकाळपर्यंत अंडी घालतो. हे टोचायचं काम माझं. प्रशिक्षणाला मला पाठवलं गेलं, कारण आमचे साहेब शुद्ध शाकाहारी होते. मत्स्य खात्याने त्यांना माशांवर नेमलं होतं आणि ते दुःख ते कापराचा रुमाल नाकाला लावून सहन करत. माझ्या हातचं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. डबा ते खिडकीकडे तोंड करून खात. माशाला माझ्या हातचं इंजेक्शन चालतं, याला मात्र त्यांची कधी हरकत नव्हती.

आठवडी बाजाराला मी पिशवी घेऊन माशांची मुंडकी गोळा करायला जाई. मासे विकणारी बाई दर वेळी विचारायची, ‘काहो बाई, मुंडकीच नेता. मासोळी कायले नाई नेत?’ मी म्हणायची, सरकारी काम आहे. हे उत्तर ऐकलं की माणसं पुढचं विचारत नाहीत. पण आमच्या गल्लीत बातमी पसरायची ती पसरलीच, की हिला लेकरू नाही म्हणून ही मुंडक्यांवर काहीतरी करते.

हो, लेकरू नव्हतं. तालुक्यात दुसऱ्यांना पोरं व्हावीत म्हणून पगार घेणारी मी एकटी बाई होते, आणि माझ्याच घरात पाळणा हलला नव्हता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होता. सासू अनसिंगकडची. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करून तिने मुलाला चार यत्ता शिकवलं होतं. छप्पन साली मुलाचं बोट धरून तिने दीक्षा घेतली, घरी येऊन देव्हारा उचलला आणि ओढ्यात सोडला. खंडोबा गेला, मरीआई गेली. वांझ हा शब्द तेवढा ओढ्यात टाकायचा राहून गेला.

गल्लीतल्या बायका मला बारशाला बोलवत नसत. त्याच बायका दिवेलागणीच्या वेळी मागच्या दाराने येऊन हळूच विचारत, ‘ते मासोळीचं इंजिक्शन मानसाले चालते काय वो?’ एकीने तर सोबत अंडी आणली होती, कोंबडीची. फी म्हणून. वांझेचं तोंड बघायला नको, पण तिची सुई चालते, असा तो हिशेब होता. सासू मागे नव्हतीच. भाकरी थापता थापता ती म्हणे, ‘दुनियेच्या मासोळ्याइले टोचत फिरते. सोताले एक टोचून घ्याले काय झालं?’

मी तिला शंभरदा सांगितलं, आत्याबाई, ते माणसाचं औषध नाही. तिला ते पटत नसे. सून मुद्दाम घेत नाही, अशी तिची खात्री होती.

मी अकोल्याला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले होते. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्या म्हणाल्या, तुमच्यात काही दोष नाही, आता मिस्टरांना पाठवा. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नवरा आधी हसला आणि मग ताट सरकवून उठला. ‘कापसाचा बोजा एकटा उचलतो मी. मले डाक्टर कायले?’ सासूने त्याची बाजू घेतली. तिच्या मते बाईचं पोट हे बाईचं काम. त्यात गड्याला काय विचारायचं?

त्यातच आणीबाणी आली आणि नवऱ्याला आयतं कारण मिळालं. गावोगाव नसबंदीची जीप फिरत होती. जीप दिसली की गडी तुरीत लपत. दवाखान्याच्या दारात गेलेला पुरुष शाबूत परत येत नाही अशी हवा होती. सरकारचं एक खातं माणसांची पोरं बंद करायला जीप घेऊन निघालं होतं आणि दुसरं खातं माशांना पोरं व्हावीत म्हणून मला सायकलवर पाठवत होतं. दोन्हींची वार्षिक उद्दिष्टं होती. अशा दिवसांत नवऱ्याला म्हणायचं की दवाखान्यात चला, म्हणजे मीच त्याला धरून दिल्यासारखं झालं असतं.

तेव्हा सासूने तोडगा काढला. शिरपूरकडच्या एका घरी मुलगी होती. बाप मजुरी करायचा, मुली चार. दुसरेपणावर द्यायला तयार होते. दुसरी बायको कायद्याला चालत नव्हती, पण कायदा वाशीमच्या कोर्टात बसायचा, त्याला आमच्या गल्लीत यायला रस्ता नव्हता. सासूने मला हे सांगितलं ते मी भांडी घासत असताना, आणि मोठ्या उदार मनाने सांगितलं. ‘तुले कोनी हाकलून नाई देऊन राह्यलं. तू बी राह्य. दोघी बहिनीसारख्या राहा.’ पगार आणायला एक आणि पोरं आणायला एक, अशी खातेवाटणी ठरली होती. येत्या रविवारी ती मंडळी घर बघायला येणार होती.

नवरा तेव्हा खाटेवर बसून विडी ओढत होता. त्याने राख झटकली आणि पुन्हा झुरका घेतला. मला त्याचा इतका राग आला की हातातलं पातेलं मी पुन्हा पहिल्यापासून घासलं.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या केंद्रावर प्रात्यक्षिक ठरलं. जिल्ह्याहून एक मोठे पाहुणे सपत्नीक येणार होते. माशाला इंजेक्शन दिलं की सकाळी अंडी, हा चमत्कार जनतेला दाखवायचा होता. मांडव, भोंगा, फोटोग्राफर, सगळं आलं. जनता कमी पडू नये म्हणून साहेबांनी गल्लोगल्ली निरोप धाडले. माझ्या सासूनेही यायचं ठरवलं. सून पुरुषांमध्ये काय करते ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, आणि ते इंजेक्शनही.

आदल्या दिवशी दुपारी मासे निवडायला जाळं टाकलं. रोहूची एक सुरेख मादी मिळाली. पोट मऊ, भरलेलं. मग मी दोन नर काढले. अंगाने बारीक, मादीपेक्षा लहान, पण पोटावर बोट टेकवताच दुधासारखा पांढरा थेंब येत होता. नर तयार आहे याची तीच खूण असते. साहेब काठावर छत्री धरून उभे होते.

‘हे दोन कशाला?’ त्यांनी विचारलं.

‘एका मादीला दोन नर लागतात, साहेब. प्रशिक्षणात तसंच शिकवलंय. एक कमी पडला तर दुसरा असतो.’

साहेब दोन पावलं मागे सरकले. ‘बाई, उद्या पाहुण्यांच्या सौभाग्यवती येणार आहेत.’

‘मग?’

‘मग काय? एका बाईला दोन नवरे, हे मी त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने सांगू?’

‘साहेब, मासे आहेत ते.’

‘मासे असले म्हणून काय झालं? भोंग्यावरून बोलायचंय. समोर आयाबहिणी असणार. आणि हे नर तर बघा, मादीपुढे पोरं दिसतात तिची! फोटोत कसं दिसेल? नवरा बायकोपेक्षा चार बोटं तरी उंच पाहिजे.’

मी सांगितलं की रोहूचा नर मादीपेक्षा लहानच असतो. साहेब म्हणाले, हे खेड्यातल्या लोकांना कोण सांगणार? त्यांनी पुन्हा जाळं टाकायला लावलं. तीन-चार स्थळं नाकारली. एकाचा रंग मळकट होता, एकाची शेपटी फाटकी होती. शेवटी एक भलामोठा नर जाळ्यात आला. तळ्यातला जुना मुक्कामी. चांगला जाडजूड, खवले चकचकीत. साहेबांचा चेहरा उजळला. ‘हा! हा शोभतो.’ मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष बाजूला उभे होते, त्यांनीही मान हलवली. ‘जोडा जमला बाप्पा. नवरदेव पाहा कसा हाय!’

मी त्या नवरदेवाच्या पोटावर बोट दाबलं. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. थेंबसुद्धा नाही. मी म्हणाले, ‘साहेब, हा नुसता दिसायला आहे. याच्याकडून काही होणार नाही.’

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. ‘तुम्ही बाईमाणूस आहात. जरा जपून बोलत चला.’

मग काय, त्या दोन बारक्या नरांना परत तळ्यात सोडलं. मी मादीला दुपारचं पहिलं इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळी तिचं दुसरं व नवरदेवाचं पहिलं. हाप्याच्या बांबूला चौकीदाराने झेंडूची माळ बांधली. कोणीतरी अंतरपाटाचीही आठवण काढली, पण हाप्याला चारी बाजूंनी कापड होतंच.

सकाळी मी पोचले तर मादी मोकळी झाली होती. पोट सपाट, आणि हाप्याच्या तळाशी अंडीच अंडी. चौकीदार आनंदाने ओरडत होता. मी घमेल्यात थोडी अंडी घेतली आणि उन्हात धरली. फळलेलं अंडं शिजलेल्या साबुदाण्यासारखं आरपार असतं. न फळलेलं कच्च्या साबुदाण्यासारखं पांढरं पडतं. आमच्या घमेल्यात पुढचे दोन तास फक्त कच्चा साबुदाणा होत गेला.

तोवर मांडव भरला होता. पाहुणे आले, त्यांच्या सौभाग्यवती आल्या, हार झाले. बायकांच्या रांगेत पुढेच माझी सासू बसली होती, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन. मी साहेबांच्या कानात सांगितलं, ‘अंडी पांढरी पडली. वाया गेली सगळी.’ ते हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, ‘आता काही बोलू नका.’ आणि भोंग्यासमोर जाऊन उभे राहिले.

भाषण दणक्यात झालं. विज्ञान, प्रगती, शिस्त, वीस कलमं, सगळं त्यात आलं. मग त्यांनी अंड्यांची काचेची बरणी उचलून लोकांना दाखवली. ‘बघा, कशी शुभ्र आहेत! जणू मोती!’ टाळ्या पडल्या. पाहुण्यांच्या सौभाग्यवतींनी बरणीला हळदीकुंकू लावलं आणि वर अक्षता टाकल्या. मेलेल्या अंड्यांची इतकी सरबराई मी आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. फोटोग्राफरने नवरदेवाला टोपलीत घेऊन वेगळा फोटो काढला.

सगळं तिथेच निभावलं असतं, पण पाहुण्यांना खरोखरच रस वाटला. त्यांनी भोंग्यातूनच विचारलं, ‘मग पिल्लं कधी निघणार?’

‘आज रात्रीपर्यंत,’ साहेब सवयीने म्हणाले.

‘वा! मी आज वाशीमलाच मुक्कामी आहे. उद्या सकाळी पिल्लं बघूनच पुढे जातो.’

साहेबांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. ते माझ्याकडे वळून पुटपुटले, ‘थोडी तरी निघतील ना?’ मी म्हणाले, ‘एकही नाही.’ त्यांनी क्षणभर विचार केला. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेला माणूस क्षणभरच विचार करतो. भोंग्यात तोंड घालून ते खिन्न आवाजात म्हणाले, ‘सांगायला वाईट वाटतं. निसर्गापुढे इलाज नाही. मादी वांझ निघाली.’

मांडवात ‘अरेरे’ झालं. बायका हळहळल्या. माझ्या सासूने मान वळवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

एरवी मला रडू आलं असतं. तेव्हा राग आधी आला. मी पुढे झाले आणि भोंग्यासमोर उभी राहिले. साहेब हात आडवा करत होते, पण पाहुणे म्हणाले, ‘बोलू द्या बाईंना.’

‘वांझ मासोळी अंडी देत नाही,’ मी म्हणाले. माझा आवाज तलावापर्यंत जाऊन परत येत होता. ‘हिने घमेलंभर दिली आहेत. तिचं काम तिने चोख केलं. ही अंडी पांढरी पडली, कारण नराकडून काही आलंच नाही. दिसायला धिप्पाड होता म्हणून निवडला. त्याची तपासणी मी केली होती. तो रिकामा आहे.’

भोंग्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. पाहुण्यांनी साहेबांकडे बघितलं. ‘असं असतं का हो?’

आता साहेबांची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर पाहुणे उद्या कोणाला तरी विचारणार. ते चाचरत भोंग्यात म्हणाले, ‘शास्त्रीयदृष्ट्या... अंडी देऊनही पिल्लं होत नसतील... तर दोष नराकडे जातो.’

‘म्हणजे मादी चांगली?’

‘मादी... उत्तम.’

‘मग नर बदला की!’ पाहुणे म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. पुरुषांच्या बाजूला थोडंसं हसू झालं, तेही जपून. बायकांच्या बाजूला मात्र पदर तोंडाला लावून जे हसणं सुरू झालं ते आवरेना. माझी सासू हसली नाही. ती बरणीकडे बघत होती.

घरी जाताना ती माझ्यासोबत चालत होती. मी सायकल हातात धरली होती. रेल्वेच्या फाटकापाशी गाडीसाठी थांबलो तेव्हा तिने विचारलं, ‘त्या सायबानं खरं सांगतलं काय?’

‘खरं सांगितलं.’

‘सरकारचे लोक लबाड बोलतेत.’

‘बोलतात, आत्याबाई. पण स्वतःची फजिती व्हावी म्हणून कोणी लबाड बोलत नाही.’

हे तिला पटलेलं दिसलं. फाटक उघडल्यावरही ती तिथेच उभी होती. ‘अन् गडी दिसाले चांगला असला, बोजा-बिजा उचलत असला, तरी बी रिकामा असू शकते?’

‘असू शकतो.’

‘अन् बाईले कळतही नाई?’

‘बाईला फक्त बोलणी खावी लागतात.’

ती पुढे चालायला लागली. त्या दिवशी भाकरी करताना इंजेक्शनाचा विषय निघाला नाही.

मला मेमो मिळाला. जाहीर कार्यक्रमात अनुचित विषयावर अनुचित भाषेत भाष्य केल्याबद्दल. मी उत्तर दिलं नाही. पुढच्याच आठवड्यात, मांडव नाही, भोंगा नाही, अशा वेळी मी त्याच तळ्यातली दुसरी मादी आणि ते दोन बारके नर हाप्यात सोडले. अंडी काचेसारखी निघाली आणि दुसऱ्या दिवशी हाप्यात पिल्लांची वळवळ सुरू झाली. साहेबांनी वर कळवलं की त्यांनी सुधारित पद्धत अवलंबली. धिप्पाड नवरदेवाचा फोटो मात्र कार्यालयात बरीच वर्षं टांगलेला होता.

पण रविवार त्याच्या आधी आला. मुलीचा बाप आणि आत्या सकाळच्या एसटीने आले आणि एकाच फेरीत काम व्हावं म्हणून मुलीलाही घेऊन आले. मी तिचा आठवडाभर मनातल्या मनात दुस्वास करत होते. चहा घेऊन बाहेर गेले आणि बघितलं तर तिच्या दोन वेण्यांना शाळेच्या लाल रिबिनी होत्या. नेसवलेलं लुगडं आईचं असावं, तिला लांब होत होतं. मला बघून ती उठून उभी राहिली, बाई वर्गात आल्यावर पोरी उभ्या राहतात तशी. माझा दुस्वास तिथेच संपला. आता मला भीती वाटली, माझ्यासाठी आणि तिच्यासाठीही.

नवरा नवा सदरा घालून खाटेवर बसला होता. मुलीच्या बापाने घर बघितलं, छप्पर बघितलं, मुलगा बघितला. ‘तब्येत चांगली हाय जवाईबुवाची,’ तो म्हणाला.

‘दिसाले हाय,’ माझी सासू म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने चहाची बशी खाली ठेवली. ‘पाहा, तुमची पोरगी लाखात एक हाय. पन मी लबाड नाई बोलत. आमच्या सुनेले डाक्टरनं तपासलं, तिच्यात काई दोष नाई. आमचा पोरगा अजून तपासला नाई. त्याले आधी दवाखान्यात दाखोतो. मंग तुमाले निरोप देतो.’

मुलीच्या बापाचा कप हातातच राहिला. आत्या पदर सावरायला लागली. नवरा खाटेवरून उठला, त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. ‘माय, तू काय बोलून राह्यली? दवाखान्यात गेलो त माही नस कापून टाकतील!’

‘कापू दे,’ सासू म्हणाली. ‘त्या नसेत काई हाय का नाई, थे त पाहू दे पह्यले.’

मंडळी चहा अर्धा टाकून निघाली. जाताना मुलगी दारात घुटमळली आणि माझ्याकडे बघून हसली. तिला काय कळलं होतं कोण जाणे. बाहेर आत्याने तिच्या पाठीत धपाटा घातला तो मला ऐकू आला.

नवरा दवाखान्यात गेला नाही. आणीबाणी उठली, जीप गेली, तरी गेला नाही. आम्हाला मूलही झालं नाही, पण त्या घरात दुसरी बाईही आली नाही आणि मला वांझ म्हणण्याची कोणाची हिंमत झाली नाही, कारण सासू ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माशांचं शास्त्र समजावून सांगायची. नवरा अशा वेळी जिनिंगमध्ये जादा काम काढायचा.

दोनेक वर्षांनी सासू एकदा शिरपूरच्या बाजारातून परत आली. पिशवी खाली ठेवून ती उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, ती रिबिनीवाली पोरगी दिसली. आपल्याकडून परत गेल्यावर बापाने दुसऱ्या घरी दिली, तिथेही पहिली बायको होतीच, लेकरू नाही म्हणून हिला केली. आता हिलाही काही नाही म्हणून तिथे तिसरी बघून राहिले आहेत. पहिली आणि ही, दोघींना मिळून त्या घरात वांझ म्हणतात.

सासू पाणी प्याली, तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा चपलेत पाय घातला.

‘आता कुठं, आत्याबाई? आत्ताच तर आलात.’

‘शिरपूरले. पाचची एसटी हाय,’ ती म्हणाली. ‘त्या पोरीच्या सासूले सांगून येते, बाई, तिसरी आनू नको, पोराले तपास. हाकलून देईल त देऊ दे.’